वैद्यबाईंचे मापटे

ही गोष्ट मी १२ डिसेंबर २०१९ रोजी, गुरुवारी, दुपारी दीड ते दोनच्या दरम्यान ऐकली. सांगणाऱ्या कमळाक्का हंजे. मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण संपवून मी ज्या समुपदेशन केंद्रात उमेदवारी करीत होतो, तेथे पावत्या करण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांनी ही गोष्ट आपल्या मामांकडून ऐकली होती. मामा गडहिंग्लजच्या बाजारात मापाडी होते. म्हणजे धान्य मापून देणे हा त्यांचा व्यवसाय होता. त्या दिवशी माझ्या टेबलावर माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या एका बाईंनी प्रेमाने आणलेला खरवसाचा डबा होता, आणि तो ठेवून घ्यावा की परत करावा हे मला ठरवता येत नव्हते. कमळाक्कांनी डब्याकडे पाहिले, पावतीपुस्तक मिटले आणि गोष्ट सांगितली. मी ती त्याच संध्याकाळी लिहून काढली. वाक्यरचना माझी आहे, घटनाक्रम त्यांचा.

फार पूर्वीची हकिकत. त्या काळाला साल नाही आणि त्या राज्याचा नकाशा कोणी काढलेला नाही. एवढे मात्र नक्की, की तेव्हा माणसे मोल म्हणून धान्य देत आणि चिमण्या माणसांशी बोलत.

त्या राज्यात डोंगराच्या उतरणीवर एक गाव होते. गावात अंगाचे वैद्य दोन होते आणि मनाचा वैद्य एक. मनाच्या वैद्याजवळ मुळ्या नव्हत्या, काढे नव्हते. त्याच्याजवळ एक ओसरी होती आणि दोन घोंगड्या होत्या. ज्याच्या मनावर ओझे असेल त्याने आठवड्यातून एकदा यावे, समोरच्या घोंगडीवर बसावे आणि बोलावे. वैद्य ऐके, मध्येच एखादा प्रश्न विचारी, पुन्हा ऐके. ओसरीवर बोललेले ओसरीबाहेर जात नसे.

या ऐकण्याचे मोल ठरलेले होते. ओसरीच्या कोपऱ्यात एक लाकडी मापटे असे. येणाऱ्याने बोलायला सुरुवात करण्यापूर्वी आपल्या पिशवीतील नाचणी आपल्याच हाताने त्यात भरायची. माप भरताना त्याच्या तोंडावर जो ढीग उभा राहतो त्याला शीग म्हणतात. बाजारात शिगेवरून भांडणे होत. येथे मात्र वैद्य एक सरळ काठी मापट्याच्या तोंडावरून फिरवी, शीग खाली अंथरलेल्या फडक्यावर पडे, आणि फडक्यावरची नाचणी येणाऱ्याच्या पिशवीत परत जाई. ज्याला मापटे जड वाटे त्याच्यासाठी चिपटे होते, मापट्याच्या निम्मे. ते पहिल्याच दिवशी ठरे. माप रिकामे ठेवून कोणी बसत नसे. फडक्याबाहेर उडालेले पाच-सात दाणे वळचणीला राहणाऱ्या चिमणीचे. तो तिचा हक्क होता आणि ती तो सोडत नसे.

वैद्य म्हातारा झाला तेव्हा त्याने ओसरी, घोंगड्या, मापटे, चिपटे आणि काठी आपल्या शिष्येच्या हवाली केली. जाताना तो म्हणाला, "यातलं धान्य तुझ्या पोटासाठी आहे. माप मात्र समोर बसणाऱ्यासाठी आहे."

"हो," शिष्या म्हणाली.

"हो म्हणालीस, पण कळलं नाही तुला. काही हरकत नाही. माप हाताशी ठेव म्हणजे झालं."

शिष्येला वाटले, गुरुजी विनयाने बोलत आहेत. गुरुजी लेकीच्या गावी निघून गेले आणि गावाने शिष्येला वैद्यबाई म्हणायला सुरुवात केली.

वैद्यबाई मायाळू होत्या. समोरच्याचे डोळे भरले की त्यांचेही भरत. ऐकणाऱ्याला अशी माया लागतेच. परंतु ती कोठे ठेवावी हेही त्याला ठाऊक असावे लागते. पुढे जे घडले ते ही दुसरी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे.

गावात एक दोरवाली होती. नवरा वारल्यावर ती आणि तिचा धाकटा दीर एकाच घरात राहत. दीर अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे तंतू, विंचरून देई, ती दोर वळी. तिने वळलेल्या तीन पदरी दोराला भरली गाडी टांगावी, असे लोक म्हणत. दर चैत्रात गावच्या विहिरीतला गाळ उपसला जाई. विहीर फार खोल होती. कमरेला दोर बांधून एक माणूस तळापर्यंत सोडावा लागे, आणि तो दोर दरवर्षी दोरवालीचाच असे.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात दीरच विहिरीत उतरला होता. तळ अजून दोन माणसांच्या उंचीइतका खाली असताना दोर तुटला. दीर खडकावर पडला, पाय दोन ठिकाणी मोडला. जीव वाचला, पण चाल गेली. तो लंगडत अंगणात येई, वाख विंचरत बसे आणि म्हणे, "दोर आहे वहिनी, कधीतरी तुटायचाच." त्याने तिला एका शब्दानेही बोल लावला नाही.

त्या दिवसापासून दोरवालीला तिसरा पदर वळता येईना. दोन पदर नीट वळले जात. तिसरा घेतला की हात थरथरत. ती गुरांची दावी आणि शिंकी करून पोट भरू लागली. त्यात मिळकत थोडी. शेवटी ती वैद्यबाईंच्या ओसरीवर आली. तिचा वार मंगळवार ठरला आणि माप मापटे ठरले.

पहिले सात मंगळवार चांगले गेले. ती मापटे भरी, वैद्यबाई काठी फिरवीत, शीग पिशवीत जाई आणि मग ती बोले. कधी रडे, कधी गप्प बसे. एकदा तर तिने वैद्यबाईंनाच धारेवर धरले.

"तुम्ही नुसतं हूं हूं करता. त्याचं मापटंभर नाचणी? एवढं तर माझी म्हैसही करते."

"आणि म्हैस काय घेते?" वैद्यबाईंनी विचारले.

"पेंड. वर हिरवा चारा."

"मग मीच स्वस्त."

दोरवाली हसली, आणि हसता हसता रडली. त्या दिवशी तिला पुष्कळ हलके वाटले.

आता वाचकांना एक गोष्ट आधीच सांगणे योग्य होईल. त्या तुटलेल्या दोराविषयी दोरवालीला एक गोष्ट ठाऊक होती. ती दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हती. त्या वर्षी अंबाडी कमी पडली होती, म्हणून दोराच्या तिसऱ्या पदरात तिने जुना, वापरलेला वाख भरला होता. तिचे हात थरथरत ते याच कारणाने. आठव्या मंगळवारी ती घरातून निघाली ती हे सांगायचे, असे ठरवूनच.

परंतु त्या दिवशी पिशवी हलकी होती. तिने नाचणी ओतली. मापटे पाऊणच भरले. तिने पिशवी उलटी करून झटकली. चार दाणे पडले. पुन्हा झटकली. तिचे कान लाल झाले.

वैद्यबाईंना ते पाहवले नाही. त्यांनी मापटे उचलले, सगळी नाचणी तिच्या पिशवीत परत ओतली आणि मापटे फळीवर ठेवून दिले.

"मंगळवारी हे पुन्हा काढायचं नाही," त्या म्हणाल्या. "तू मला धाकट्या बहिणीसारखी. बहिणीकडून कोणी माप घेतं का?"

दोरवालीने काही बोलण्यासाठी तोंड उघडले होते. ते तिने मिटले. पिशवीचे तोंड बांधत ती म्हणाली, "तुमच्यासारखं माणूस मिळायला भाग्य लागतं." त्या मंगळवारी ती याहून अधिक काही बोलली नाही.

पुढच्या मंगळवारी ती ठरल्या वेळेच्या आधीच आली आणि तिने अंगण झाडले. त्याच्या पुढच्या मंगळवारी दोन घागरी पाणी भरले. नंतर ताक आणले. घोंगडीवर बसली की ती हवापाण्याचे बोले, शेजारणीच्या गमती सांगे. वैद्यबाईंनी विचारले, "मन कसं आहे?" की ती म्हणे, "बरं वाटतं." त्यांनी विचारले, "हात?" की ती हात पदराखाली घेऊन म्हणे, "थांबलेत थरथरायचे."

वैद्यबाईंना समाधान वाटले. आपल्या मायेने माणूस बरे झाले, असे त्यांना वाटले. आणि असे वाटणे गोड असते, म्हणून त्यांनी ते तपासून पाहिले नाही.

चैत्र उजाडला. बाजारात पाटलांनी वैद्यबाईंना गाठले.

"वैद्यबाई, विहिरीचा गाळ काढायचाय, गेल्या वर्षी राहिलाच. या खेपेला माझा पुतण्या उतरतोय, गेल्याच महिन्यात बाशिंग उतरवलेला पोरगा आहे. दोर दोरवालीला सांगितला तर चालेल? बरी आहे ना ती आता?"

ओसरीवरचे ओसरीबाहेर न्यायचे नाही, हे वैद्यबाईंना माहीत होते. तिलाच विचारा, एवढे दोन शब्द पुरले असते. पण समाधानाने भरलेल्या माणसाची मान लवकर हलते. त्यांनी हसून मान हलवली.

पाटील तसेच दोरवालीच्या दारात गेले. "वैद्यबाईंनी ग्वाही दिलीय. शनिवारच्या शनिवारी, आठ दिवसांत दोर हवा."

नाही म्हणावे तर वैद्यबाई खोट्या पडणार. ज्या बाईने इतके मंगळवार आपल्याकडून एक दाणाही घेतला नाही, तिला गावासमोर खोटे कसे पाडायचे? दोरवाली हो म्हणाली. तिने दार लावून दोर वळायला घेतला. दोन पदर नीट झाले. तिसऱ्याला हात थरथरले. पीळ कुठे करकचून बसला, कुठे सैल राहिला. दोर दिसायला तीन पदरी होता. त्यावर माणूस टांगू नये, हे तिच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? तरी ती वळत राहिली.

सोमवारी सकाळी वैद्यबाई ओसरी सारवीत होत्या. चिमणी वळचणीतून उतरली आणि उखळाच्या कडेवर बसली.

"वैद्यबाई, मी घर बदलतेय."

"का गं? काय कमी पडलं?"

"मंगळवारचा उपास घडतो मला. दोरवाली येते, पण फडकं अंथरलं जात नाही. माझे सात दाणे गेले."

"अगं, मायेचं माणूस ते. तिच्याकडून काय घ्यायचं?"

"घेतेस की," चिमणी म्हणाली. "अंगण झाडून घेतेस. दोन घागरी पाणी घेतेस. मागच्या मंगळवारी ताक घेतलंस, वर लोण्याचा गोळा होता."

"ते ती आपणहून करते."

"करते ना. आणि दर मंगळवारी 'बरं वाटतं' तेवढं घेतेस. सगळ्यात महाग तेच आहे. ते ती आणते कुठून, विचारलंस कधी?"

वैद्यबाईंचा सारवणारा हात थांबला.

"पूर्वी ती रडायची, तू ऐकायचीस, मी दाणे टिपायची," चिमणी म्हणाली. "आता ती झाडते, तू खूश होतेस, मी उपाशी. यात औषध कोणाला चाललंय, तेवढं सांग. मग मी जाते."

वैद्यबाईंनी पोतेरा खाली ठेवला. गुरुजींचे वाक्य त्यांना आता कळले. मापटे भरून दिले की माणूस कोणाचा देणेकरी राहत नाही. मग त्याला रडता येते, रागावता येते, ऐकणाऱ्याला म्हशीहून कमी लेखता येते आणि स्वतःविषयी वाईटात वाईट सांगता येते. आपण मापटे उचलले तेव्हा दोरवालीचा बोलण्याचा हक्कच उचलला, आणि ती तेव्हापासून आपल्याला बरेपण मापून देत आहे. गुरुजी शीग का पाडीत, तेही त्यांना उमगले. ठरल्याहून अधिक घेतले काय किंवा काहीच घेतले नाही काय, दोन्हीकडे एक जण दुसऱ्याच्या ओझ्याखाली येतो.

त्यांनी फळीवरचे मापटे काढले. त्यात कोळ्याने घर केले होते. त्यांनी ते धुतले, चिपटेही धुतले आणि दोन्ही उन्हात ठेवली.

मंगळवारी दोरवाली आली. तिने सवयीने कोपऱ्यात हात घातला.

"वैद्यबाई, केरसुणी कुठंय?"

"आत ठेवलीय. बस."

दोरवालीने पाहिले. फडके अंथरलेले होते. त्यावर मापटे आणि चिपटे शेजारी शेजारी होते. तिचा चेहरा उतरला.

"माझं काही चुकलं का?"

"माझं चुकलं," वैद्यबाई म्हणाल्या. "मी माप उचललं ते तुला न विचारता. उपकार मी केला आणि ओझं तुझ्या डोक्यावर ठेवलं. दुसरीही चूक आहे. पाटलांनी तुझ्याविषयी विचारलं तेव्हा मी मान हलवली. तिचं तिला विचारा, असं म्हणायला हवं होतं. त्या दोन्ही चुकांची मी तुझी माफी मागते."

दोरवाली मापांजवळ खाली बसली.

"आता पुन्हा ठरवू. मापटं तुला जमत नाही, हे दोघींना ठाऊक आहे. चिपटं जमेल? मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस. जमत नसेल तर सुतार याहून लहान माप करून देईल."

दोरवालीने बोटांवर हिशेब केला. "दोन शिंकी म्हणजे एक चिपटं. जमेल." मग ती अडखळली. "आणि मधल्या मंगळवारांचं?"

"त्याचं काही ठरलं नव्हतं. जे ठरलं नव्हतं ते आज मागता येत नाही. तो माझ्या चुकीचा खर्च आहे, तो मी सोसायचा."

दोरवाली उठली, घरी गेली आणि नाचणीची पिशवी घेऊन परत आली. तिने चिपटे भरले. जुन्या सवयीने वर शीग आली. वैद्यबाईंनी काठी फिरवली, फडक्यावरची नाचणी पिशवीत गेली, सात-आठ दाणे बाहेर उडाले आणि चिमणी खाली उतरली.

दोघी घोंगड्यांवर बसल्या. दोरवालीने आपल्या हातांकडे पाहिले. हात थरथरत होते, आणि आज तिने ते पदराखाली घेतले नाहीत.

"मला तुमचा राग आलाय," ती म्हणाली.

"बोल."

"किती मंगळवार झाले, येतच होता राग. तुम्ही काही घेईनात. घरी भाऊजी काही बोलेनात. सगळे इतके चांगले, की वाईट असायला मला जागाच उरली नाही."

वैद्यबाई ऐकत राहिल्या. या वेळी त्यांनी डोळे भरू दिले नाहीत. ती जागा समोरच्या घोंगडीची होती.

मग दोरवालीने सांगितले. अंबाडी कशी कमी पडली, आतल्या पदरात कोण बघतंय असे मनाशी कसे म्हटले, आणि जुना वाख कसा भरला.

"आणि पाटलांचा दोर," ती शेवटी म्हणाली. "तोही धड नाही. शनिवारी पोरगा उतरतोय."

"तू जे सांगितलंस ते मी कोणालाही सांगणार नाही," वैद्यबाई म्हणाल्या. "पण पोराच्या जिवाचा प्रश्न आहे. शनिवारपर्यंत तू बोलली नाहीस, तर विहीर थांबवा, एवढं मला पाटलांना म्हणावं लागेल. तेही तुझ्या पाठीमागं नाही म्हणणार. म्हणून आत्ताच सांगते."

"तुम्ही नका म्हणू," दोरवाली उठत म्हणाली. "माझा दोर आहे. मीच म्हणेन."

ती प्रथम घरी गेली. दीर अंगणात वाख विंचरीत होता. तिने उभ्यानेच सगळे सांगितले. त्याची फणी थांबली. तो म्हणाला, "दोन वर्षं मी म्हणतोय, माझंच वजन वाढलं असेल."

"भाऊजी..."

"आज मला वाढू नकोस, वहिनी. माझं मी घेईन."

त्या दिवशी त्याने भाकरी स्वतः थापली. ती जळली. त्याने जळकीच खाल्ली.

दोरवाली तशीच पाटलांकडे गेली. "पाटील, दोर धड नाही. नवा वळीन. अकरा दिवस द्या."

"म्हणजे अकरा दिवस आम्ही चिखल प्यायचा?"

"चिखल प्या. चिखल गाळून घेता येतो. पोरगा खाली पडला तर काय गाळणार?"

पाटील कुरकुरले, पण शनिवारची विहीर पुढे ढकलली गेली.

दीर दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तो गप्प होता, पण या वेळी तो रागावून गप्प होता, आणि दोरवालीला त्या गप्प बसण्याशेजारी श्वास घेता येत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो लंगडत तिच्या खोलीच्या दाराशी आला.

"आण तो दोर. पीळ उकलू. आणि वाख मी बघून देईन. प्रत्येक मूठ."

"बघा," ती म्हणाली.

त्यांनी जुना दोर उकलला आणि नव्या अंबाडीचा वळायला घेतला. तिसरा पदर आला. हात थरथरले. दिराने दोराचे दुसरे टोक घट्ट धरले आणि म्हणाला, "थरथरू देत. मी धरलंय." पहिल्या दिवशी हातभर दोर झाला आणि तोही पुन्हा उकलावा लागला. चौथ्या दिवशी तीन हात झाला. सहाव्या दिवशी तिच्या लक्षात आले, की बोलता बोलता आपण पाच हात दोर वळला आणि हातांकडे पाहिलेच नाही.

बाराव्या दिवशी सकाळी गाव विहिरीवर जमले. पाटलांचा पुतण्या धोतर आवरून पुढे आला. दोरवालीने त्याला बाजूला केले.

"तुझ्या आधी मी."

"वहिनी, बाई माणूस विहिरीत?" कोणीतरी मागून म्हणाले.

"दोर बाईनंच वळलाय," दीर म्हणाला. तो रहाटाशी उभा होता आणि दोराला पहिला हात त्याचा होता.

दोरवालीने कमरेला दोर बांधला आणि ती खाली गेली. जेथे दीर पडला होता त्या खडकावर तिने पाय टेकले, तळातला मूठभर गाळ घेतला आणि ती वर आली. दोर कुरकुरला नाही. तिने ती मूठ दिराच्या हातात ठेवली. त्याने गाळ पाहिला आणि म्हटले, "एवढाच आणलास?" मग तो हसला. त्या दिवसापासून तिच्या हातची भाकरी तो पुन्हा खाऊ लागला.

दोरवाली पुढे वर्षभर मंगळवारी येत राहिली. मिळकत वाढल्यावर तिने स्वतःच चिपटे बाजूला सारून मापटे मागितले. दर वेळी काठी फिरली आणि दर वेळी शीग परत गेली. चिमणीने घर बदलले नाही.

त्या वर्षात वैद्यबाईंच्या आडाचा दोर दोनदा तुटला. चार गावांतले उत्तम दोर वळणारी बाई दर मंगळवारी त्यांच्यासमोर बसे, तरी वैद्यबाई दोन कोस चालत दुसऱ्या बाजारी गेल्या आणि तिथून कसलासा दोर घेऊन आल्या.

"वैद्यबाई, तुमच्या पोहऱ्याला काय बांधलंय ते?" दोरवालीने एकदा न राहवून विचारले. "सुतळी?"

"तुझं इथं येणं आहे तोवर हेच."

"आणि पोहरा आडात गेला तर?"

"तर गळ टाकून काढीन."

"लाज वाटते हो मला त्याच्याकडे बघून."

"वाटू दे," वैद्यबाई म्हणाल्या. "बस. मन कसं आहे?"

दोरवालीने घोंगडीवर मांडी घातली. मग जसे होते तसे सांगितले.

एके मंगळवारी ती म्हणाली, की आता येण्याची गरज वाटत नाही. वैद्यबाईंनी ते नीट विचारून घेतले आणि मान्य केले. शेवटचे मापटेही पहिल्यासारखेच सपाट झाले.

तात्पर्य: दुसऱ्याचे मन ऐकण्याचे मोल आधी, उघड आणि त्याला झेपेल असे ठरवावे, कारण ज्याच्यावर कोणाचा उपकार नाही, तोच मोकळेपणाने खरे बोलू शकतो.

एक भाग मला निश्चित करता आला नाही, तो येथे नोंदवतो. दोरवालीचे येणे संपल्यानंतर काही काळाने वैद्यबाईंच्या आडावर एक नवा, उत्तम तीन पदरी दोर दिसू लागला, याविषयी मतभेद नाही. मापाडी मामांच्या सांगण्याप्रमाणे वैद्यबाईंनी तो बाजारभावाने, पुरे वर्ष उलटू दिल्यावर, विकत घेतला. कमळाक्कांच्या मते तो भेट होता, आणि देणेघेणे पूर्ण मिटलेले असल्यामुळे तो घेण्यात काही गैर नव्हते. "मामा बाजारात वाढलेला," त्या म्हणाल्या, "त्याला भेट कशी कळणार? आणि डब्याचं म्हणाल तर तुमचं तुम्ही ठरवा, सर." मामा त्याआधीच वारले होते. त्यामुळे तो दोर विकतचा होता की भेटीचा, हे मला शेवटपर्यंत पडताळून पाहता आले नाही.